अवघड जागेचे दुखणे

अभ्यासपाठ. वाचन : लेवीय ग्रंथ, अध्याय १३, संत मार्क ५:२५-३४



अवघड जागी दुखणे आणि जावई वैद्य, अशी आपली एक जुनी म्हण आहे. ऐकणाऱ्याला हसू येते, पण ज्याचे ते दुखणे असते त्याला येत नाही. या अंकाचा पाठ त्याच दुखण्याविषयी आहे. जांघेत, गुप्तांगावर किंवा त्याच्या आसपास पुन्हा पुन्हा पुळ्या, फोड, गाठी येतात. त्या कुणाला दाखवायच्या आणि केव्हा? काही जण इथेच पान उलटतील. त्यांनी पान फाडू नये एवढीच विनंती. घरात दुसऱ्या कुणाला लागेल.

मी तीस वर्षे परिचारिका होते. निवृत्त झाल्यापासून आपल्या मिशनच्या आरोग्यभेटींबरोबर काशीमिरा आणि चेणे बाजूच्या आदिवासी पाड्यांवर जाते. पाड्यावरची वारली बाई आणि उत्तनची किंवा भाईंदरची, दर रविवारी मिस्साला येणारी बाई, यांच्या राहणीत जमीनअस्मानाचा फरक आहे. या एका बाबतीत मात्र दोघी सारख्या. दोघी खोकल्याचे औषध मागतात, ते पिशवीत टाकतात आणि निघता निघता उंबऱ्यावर थांबून म्हणतात, "आणि ते... माझ्या एका मैत्रिणीसाठी विचारायचं होतं." पुरुष तेवढेही विचारत नाहीत. लोकलच्या डब्यात 'गुप्तरोगावर हमखास इलाज' असा कागद चिकटवलेला असतो, त्यावरचा नंबर ते टिपून घेतात.

आधी पाहणे, मग निकाल

लेवीय ग्रंथाचा तेरावा अध्याय आपण सहसा गाळतो. कातडीवरच्या डागांविषयी एवढे कोण वाचणार! पण या विषयासाठी तो शांतपणे वाचावा. माणसाच्या त्वचेवर सूज, खवंद किंवा चट्टा दिसला तर त्याला याजकाकडे आणायचे. याजक ती जागा डोळ्यांनी पाहतो. तिथले केस पांढरे झाले आहेत का, डाग कातडीपेक्षा खोल गेला आहे का, हे तपासतो. खात्री होत नसेल तर सात दिवस थांबतो आणि सातव्या दिवशी पुन्हा पाहतो. पसरला नसेल तर आणखी सात दिवस. मग डाग फिका पडलेला दिसला तर ती साधी पुळी ठरते. माणसाने कपडे धुवायचे आणि शुद्ध म्हणून घरी जायचे. गळवासाठी नियम वेगळा, भाजलेल्या जागेसाठी वेगळा.

हा अध्याय म्हणजे वैद्यकाचे पुस्तक नव्हे, आणि त्यातला रोग म्हणजे आजचा कुष्ठरोगच असेही नाही. तिथला प्रश्न विधींतल्या शुद्धतेचा आहे. पण रीत पाहा. पाहायचे, थांबायचे, पुन्हा पाहायचे. निकाल शेजाऱ्यांनी द्यायचा नाही आणि ज्याच्या अंगावर डाग आहे त्याने स्वतःही द्यायचा नाही. आम्हाला मात्र त्या अध्यायातले छावणीबाहेर राहणेच तेवढे लक्षात राहते, दोनदा सात दिवस थांबणे कुणाला आठवत नाही. अवघड जागेच्या पुळीबाबत तर आपण सगळा क्रमच उलटा करतो. आधी स्वतःला शिक्षा, मग मनात निकाल, आणि तपासणी जमली तर शेवटी.

दोन माणसांची हकीकत सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि दोघांचीही परवानगी आहे.

पहिला आपल्याच भागातला, पंचेचाळिशीचा, रिक्षा चालवणारा. जांघेत पुळ्या यायच्या, आठवड्याने बसायच्या, पुन्हा यायच्या. आठ महिने तो कम्युनियनला उठला नाही. लग्नाआधीची एक चूक त्याच्या मनात होती. तिचीच शिक्षा आता भोगतो आहे, असे त्याने ठरवून टाकले होते. बायकोला आपला रोग लागू नये म्हणून तो बाहेरच्या खोलीत झोपू लागला. तिने त्याचा अर्थ दुसरी बाई असा घेतला आणि माहेरी निघायची तयारी केली. निघण्याआधी ती माझ्याकडे आली, म्हणून मला हे कळले. त्वचारोगाच्या डॉक्टरांनी पाच मिनिटांत पाहून सांगितले की केसांच्या मुळाशी जंतुसंसर्ग आहे. हा गृहस्थ तिथले केस ब्लेडने काढायचा आणि दिवसभर रेक्झिनच्या सीटवर घामात बसायचा. पण पुळ्या इतक्या वेळा का येतात, म्हणून डॉक्टरांनी रक्तातली साखर तपासली. उपाशीपोटी दोनशेच्या वर निघाली. त्याच्याच आग्रहाने एचआयव्ही आणि उपदंश यांची तपासणीही केली; काही निघाले नाही. ज्या आजाराला तो आठ महिने घाबरत होता तो नव्हताच, आणि जो होता त्याची त्याला कल्पनाही नव्हती.

दुसरी पाड्यावरची तरुण बाई, दुसऱ्या खेपेची गरोदर. तिला काहीच भीती नव्हती. गरोदरपणात सर्वांचे रक्त तपासतात तसे तिचेही तपासले आणि उपदंश निघाला, ज्याला जुने लोक गरमी म्हणतात. खोदून विचारल्यावर तिला आठवले. काही महिन्यांपूर्वी खाली एक लहानसा फोड फुटून जखम झाली होती. दुखत नव्हती, खाजत नव्हती. नात्यातल्या म्हातारीने पाला वाटून लावला आणि जखम तीन-चार आठवड्यांत भरली. गुण पाल्याला मिळाला. वास्तविक उपदंशाची पहिली जखम औषध न लावताही तीन ते सहा आठवड्यांत आपोआप भरते. रोग मात्र रक्तात राहतो, आणि गर्भातल्या बाळापर्यंत पोहोचतो. तिला आठवड्याला एक अशी पेनिसिलिनची तीन इंजेक्शने दिली. नवरा वीटभट्टीवर होता, त्यालाही बोलावून उपचार केले. बाळाची जन्मल्यावर तपासणी झाली. ते सुखरूप आहे.

ज्याला भीती वाटली त्याचे दुखणे किरकोळ निघाले आणि जिला वाटली नाही तिचे गंभीर. म्हणून भीतीवरून आजार मोजू नये.

काय काय असू शकते

अशा पुळ्यांची कारणे बरीच आहेत, त्यातली पुष्कळ निरुपद्रवी. काही तर आजारच नसतात. पुरुषाच्या इंद्रियाच्या टोकाभोवती मोत्यांच्या सरीसारखे बारीक, एकसारखे दाणे काहींना तारुण्यापासून असतात. त्वचेतल्या तैलग्रंथींचे पिवळसर ठिपके पुरुषांत आणि बायकांतही दिसतात. वर्षानुवर्षे आहेत तसेच आहेत, दुखत नाहीत, वाढत नाहीत, तर ती देहाची ठेवणच आहे. तरुण मुले त्यापायी झोप घालवतात आणि लग्न पुढे ढकलतात, हे मी पाहिले आहे.

केसतोड सर्वांच्या ओळखीची. ती पिळू नये. कोमट पाण्याने शेक द्यावा, काही दिवस वस्तरा लावू नये, सुती आणि सैल कपडे वापरावेत. मात्र जांघेत आणि काखेत, दोन्हीकडे, खोल दुखऱ्या गाठी वारंवार येत असतील, फुटून वाहत असतील आणि मागे वळ व भोके राहत असतील, तर ती साधी केसतोड नव्हे. तो वेगळा, चिवट आजार आहे. तो अस्वच्छतेने होत नाही, संसर्गाने तर नाहीच, आणि त्यावर उपचार आहेत. अशा माणसाला घरचे लोक 'नीट आंघोळ कर' म्हणून सांगत राहतात, तेव्हा मला त्या माणसाची कीव येते.

खरूज तर आपल्या पाड्यांवरची नेहमीची पाहुणी. रात्री वाढणारी खाज आणि घरात एकापेक्षा जास्त जणांना त्रास, ही तिची खूण. पुरुषांच्या गुप्तांगावर तिच्या टणक, खाजऱ्या गाठी उठतात आणि किडे मेल्यावरही काही आठवडे राहतात, त्यामुळे औषध लागू पडले नाही असे वाटते. मलम घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी मानेपासून पायाच्या बोटांपर्यंत लावायचे आणि आठवड्याने पुन्हा. कपडे, चादरी गरम पाण्यात धुऊन उन्हात टाकायच्या.

मोत्यासारखा गुळगुळीत दाणा आणि मध्ये खळगा, असे दिसले तर तो एका विषाणूचा प्रकार असतो. लहान मुलांना तो खेळता खेळता होतो. मुलाच्या अंगावर तो पाहून भलते संशय घेऊ नयेत. मोठ्या माणसाच्या जांघेत तो बहुधा शरीरसंबंधातून येतो.

फुलकोबीसारखे मऊ कोंब म्हणजे गुप्तांगावरची चामखीळ. ही एचपीव्ही या विषाणूने होते. संसर्ग झाल्यावर ती उगवायला काही आठवडे लागतात, कधी महिने, क्वचित वर्षेही. म्हणून आज चामखीळ दिसली याचा अर्थ जोडीदाराने काल विश्वासघात केला असा होत नाही. हे वाक्य नवराबायकोने दोनदा वाचावे. डॉक्टर ती गोठवून किंवा औषध लावून काढतात. पहिल्या काही महिन्यांत ती पुन्हा येऊ शकते, तेव्हा पुन्हा जायचे. पाड्यावर तिला बिब्बा लावतात, गावात घोड्याचा केस बांधतात, शहरात मेडिकलमधून पायाच्या भोवरीचे औषध आणतात. तिन्हींनी त्या नाजूक जागेची कातडी भाजते किंवा कापली जाते. बिब्ब्याने भाजलेल्या जखमा मी इतक्या बांधल्या आहेत की पाड्यावर गेले की आधी तोच विचारते.

या चामखिळी करणारे एचपीव्हीचे प्रकार मुख्यतः ६ आणि ११. गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग करणारे मुख्यतः १६ आणि १८. म्हणजे चामखीळ झाली की कर्करोग होणार, असे नाही. पण तिशी ओलांडलेल्या प्रत्येक बाईने गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी करून घ्यावी, चामखीळ असो वा नसो. हे आपल्याच महाराष्ट्रात सिद्ध झाले आहे. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाने १९९९ पासून त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखांहून अधिक खेडवळ बायकांना घेऊन अभ्यास केला. त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये आले. आयुष्यात एकदाच एचपीव्ही तपासणी मिळालेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले होते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने २०२३ मध्ये बाजारात आणलेली लस या चारही प्रकारांवर आहे. ती मुलींना कोवळ्या वयात द्यायची; आधीच आलेली चामखीळ तिने जात नाही.

आणि नागीणीच्या जातीचा एक आजार, हर्पिस. आधी मुंग्या येतात, जळजळ होते, मग बारीक पाणीदार फोडांचा पुंजका, ते फुटून दुखऱ्या जखमा, आठ-दहा दिवसांत खपली. पुन्हा काही महिन्यांनी जवळपास त्याच जागी. विषाणू मज्जातंतूच्या मुळाशी दडून बसतो, म्हणून तो परत परत उठतो. कायमचा जात नाही, पण वेळेवर गोळ्या घेतल्या तर जोर मोडतो. गरोदर बाईने हे डॉक्टरांपासून मुळीच लपवू नये, कारण बाळंतपणाच्या वेळी फोड असतील तर बाळाला धोका असतो.

दुकानातली पांढरी ट्यूब हा आणखी एक उपद्रव. खाज सुटली की मेडिकलवाला तीन-चार औषधे एकत्र केलेले मलम देतो. त्यात तीव्र स्टेरॉइड असते. दोन दिवस आराम वाटतो, मग गजकर्ण दुप्पट पसरते आणि कातडी पातळ होऊन वळ उठतात. शिवाय मूळ पुळी कशी होती हे डॉक्टरांनाही ओळखता येत नाही. दाखवायला जाण्याआधी काही फासू नका.

केव्हा दाखवावे

पुळी असताना जावे, हे सर्वांत महत्त्वाचे. बहुतेक जण ती बसल्यावर येतात आणि डॉक्टरांना कोरी कातडी दाखवतात. हर्पिसची खात्रीची चाचणी तर ताज्या फोडातल्या पाण्यावरच होते. येणे जमतच नसेल तर स्वतःच्या मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. तो कुणाला पाठवायचा नाही, डॉक्टरांसमोर उघडून दाखवायचा.

दोन-तीन आठवड्यांत न भरलेली कोणतीही जखम दाखवावी. न दुखणारी जखम तर भरली तरी दाखवावी, रक्ताची तपासणी करून घ्यावी. वाढत जाणारी, रंग बदलणारी, रक्त येणारी गाठ, विशेषतः उतारवयात, अजिबात थांबवू नये; या जागेलाही कर्करोग होतो आणि लाजेमुळे तो फार उशिरा सापडतो. त्याच जागी तिसऱ्यांदा आलेली पुळी, नव्या जोडीदारानंतर आलेली पुळी, गरोदरपणातली कोणतीही पुळी दाखवायची. ताप, लघवी अडणे, जांघेत मोठी दुखरी गाठ असेल तर त्याच दिवशी. मधुमेही माणसाला त्या भागात झपाट्याने पसरणारी सूज आणि असह्य वेदना असतील तर रात्रीही थांबू नये.

तपासणीत काय होते हे माहीत नसल्यानेच निम्मी भीती असते. डॉक्टर हातमोजे घालून, उजेडात, काही मिनिटे पाहतात. बाई असेल तर सोबत परिचारिका हवी, आणि नसेल तर ती मागायचा तुम्हाला हक्क आहे. लागले तर रक्त घेतात. सरकारी रुग्णालयांत याच कामासाठी 'सुरक्षा क्लिनिक' असतात, तिथे तपासणी आणि औषधे मोफत मिळतात. 'त्वचा व गुप्तरोग' ही पाटी पाहून पाय मागे घेऊ नये. त्या रांगेत निम्मे लोक नायटा आणि केसगळतीचे असतात. आपल्या जवळ कुठे जायचे ते १०९७ या मोफत क्रमांकावर विचारता येते, नाव सांगावे लागत नाही. एचआयव्हीची तपासणी संमतीशिवाय करता येत नाही आणि तिचा निकाल इतरांना सांगता येत नाही, असा २०१७ चा कायदाच आहे.

गडचिरोलीने काय दाखवले

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग १९८६ मध्ये गडचिरोलीत कामाला गेले. तिथल्या दोन गावांतल्या साडेसहाशे बायकांची त्यांनी तपासणी केली. त्यात अमुक आजाराच्याच बायका घेतल्या नव्हत्या, सरसकट गावातल्या घेतल्या होत्या. १९८९ च्या जानेवारीत 'लॅन्सेट' या नियतकालिकात आलेल्या त्यांच्या लेखातला आकडा जगभर गाजला : शंभरातल्या ९२ जणींना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता, आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या फक्त आठ होत्या. मला त्यातली आणखी एक गोष्ट जास्त बोलकी वाटते. जवळपास निम्म्या जणींनी काहीच तक्रार सांगितली नव्हती. म्हणजे 'काही त्रास आहे का?' एवढे विचारून आणि 'नाही' हे उत्तर वहीत लिहून शिबिर संपवले, तर आजार तिथेच राहतो.

पुढे 'सर्च'चे रुग्णालय उभे राहिले तेव्हा आदिवासींना कसा दवाखाना हवा हे आधी त्यांनाच विचारले गेले. तो झोपड्यांचा झाला, नातेवाइकांना सोबत राहता येईल असा, आणि दंतेश्वरी देवीच्या नावाचा. आपल्यापैकी कुणाला ते नाव खटकेल. मला तरी त्यातला आधी विचारण्याचा भाग शिकण्याजोगा वाटतो.

मार्कच्या पाचव्या अध्यायातली बाई बारा वर्षे रक्तस्रावाने पिडलेली होती. पुष्कळ वैद्य करून पैसा संपला होता आणि दुखणे वाढले होते. ती मागून आली, गर्दीतून, कुणाला न कळता. आपल्या बायाही अशाच मागून येतात, खोकल्याचे निमित्त करून. तिकडे याईराची मुलगी मरणाच्या दारात होती, तरी प्रभू रस्त्यात थांबला आणि त्या बाईने सगळे सांगेपर्यंत ऐकत राहिला. मग तिला त्याने मुलगी म्हणून हाक मारली. शिबिरात साठ माणसे रांगेत असताना असे थांबणे किती कठीण असते ते मला माहीत आहे. तरीही या ओळी वाचल्यापासून उंबऱ्यावर थांबलेल्या बाईला मी परत आत बसवते.

आता आपल्या भेटींविषयी. शाळेच्या व्हरांड्यात, बाकावर, पोराबाळांसमोर ही तपासणी होऊ शकत नाही. भाषेसाठी सासूला किंवा नवऱ्याला मध्ये बसवले की बाई बोलत नाही. पाड्यावरचीच, तिच्या विश्वासातली दुसरी बाई लागते. गेल्या पावसाळ्यापासून एका पाड्यावर आम्ही समाजमंदिराची मागची खोली मागून घेतो आणि दोरीवर चादर टांगतो. वारा आला की ती उडते, म्हणून एक जण ती धरून उभी राहते. आम्हाला घडीचा पडदा हवा आहे, एक चांगली बॅटरी, हातमोज्यांच्या पेट्या आणि महिन्यातला अर्धा रविवार देणारी एखादी स्त्री डॉक्टर. पुरुषांसाठी पुरुष डॉक्टरही हवेत. त्यांच्याकडे आमचे अजून लक्षच गेलेले नाही. कुणाच्या घरी जुना लाकडी पडदा माळ्यावर पडून असेल तर धर्मग्रामाच्या कार्यालयात कळवावे, न्यायला आम्ही टेम्पो घेऊन येऊ.